जेवणानंतरचं टपाल

दुपारच्या बटवड्याची पत्रं कप्प्यांत लावता लावता माझ्या हातात माझंच नाव आलं. हालवर नेस, द्रामेन रस्ता, दुसरा मजला, ऑस्लो. तीन वर्षं मी ह्या कप्प्यांसमोर उभा आहे, पण तिथे हे नाव कधी आलं नव्हतं. मला कुणी पत्र लिहीत नाही. ज्यांना काही सांगायचं असतं ते मला रस्त्यातच गाठतात. त्यामुळे पहिल्यांदा वाटलं ते इतकंच, की ह्या नावाचा आणखी कुणी माझ्याच घरात राहतोय आणि आईनं मला सांगितलेलं नाही. मग लिफाफा पाहिला. राखाडी, जाड, वर लष्कराचा शिक्का. तसले एकूण बारा लिफाफे माझ्या बीटवर होते आणि बारावा माझा होता. मी तो उलटा केला, पुन्हा सुलटा केला, नाव तेच राहिलं. बाकी सगळं ठीक होतं. खिडकीतून ऊन आत आलं होतं, डिंकाचा आणि ओल्या पिशव्यांचा वास येत होता, आणि छतावरून जर्मन विमानं जात होती.

विमानं सकाळपासूनच होती. आदल्या रात्री आम्ही झोपलो तेव्हा आमचा देश तटस्थ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मध्यरात्री भोंगे वाजले. लोक तळघरात जाऊन बसले, कंटाळले आणि परत येऊन झोपले. सकाळी उठून पाहतात तर वर विमानं. इतकी खाली, की पंखांवरचे काळे क्रूस वाचता येत होते. पाठवणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसेल असं लिहावं, असा आमच्या खात्याचा नियम आहे. तो त्यांनी पाळला होता. सरकार सकाळच्या गाडीनं उत्तरेला निघून गेलं होतं, आणि जाता जाता त्यानं सैन्य गोळा करायचा हुकूम दिला होता. पूर्ण नव्हे, थोडंसं सैन्य. कायद्यात असं आहे की पूर्ण सैन्य बोलवायचं तर दवंडी पिटायची, आणि थोडं बोलवायचं तर पत्रं घालायची. म्हणून पत्रं आली होती. मला ह्यात आमच्या लोकांचा स्वभाव दिसतो. घराला आग लागली तरी आम्ही शेजाऱ्याचं दार ठोठावणार नाही, दाराखालून चिठ्ठी सरकवू.

मी लिफाफ्याच्या कडेला अंगठा लावला, तोच मागून ब्रेक्केसाहेब बोलले, ‘‘हालवर, काय करतोस?’’ ब्रेक्केसाहेब आमच्या शाखेचे प्रमुख. एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही नियम मोडलेला नाही. एकदा त्यांच्या बायकोनं त्यांना टाकलेलं पत्र तिकीट कमी म्हणून त्यांनी तिलाच परत पाठवलं होतं. ‘‘माझं पत्र आलंय साहेब,’’ मी म्हणालो. ‘‘तुझं नाहीये ते,’’ ते म्हणाले. ‘‘नाव माझं आहे.’’ ‘‘नाव असेल. पत्र खात्याचं आहे. पेटीत पडेपर्यंत खात्याचंच.’’ मी म्हणालो, ‘‘मग मी ते मला नेऊन देऊ?’’ ‘‘देऊ कसला? टाक. पेटीत टाक. पिशवी परत आण, सही कर, ड्यूटी संपली की घरी जा आणि बघ काही आलंय का.’’ एवढं बोलून ते वळले. पण गेले नाहीत. माझ्या पिशवीचा पट्टा हातात घेऊन उगाच चाचपत राहिले. मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘जुन्या पिशव्या ह्या. शिवण उसवते कधी कधी. एखादं पत्र तळाशी अस्तरात जातं. चारचार महिने सापडत नाही. त्यात पोस्टमनचा दोष धरत नाहीत.’’ एकोणतीस वर्षं सरळ उभा असलेला माणूस माझ्यासमोर एका अंशानं वाकला होता, आणि मला त्यांचीच काळजी वाटली. ते गेल्यावर मी पिशवीत हात घालून शिवण पाहिली. पक्की होती.

बाहेर एकोणीसशे चाळीसच्या एप्रिलचं ऊन होतं. गटारांतून बर्फाचं पाणी वाहत होतं, भिंतींच्या सावलीत शेवटचा काळपट बर्फ होता. खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण मी दर दुपारी ह्या रस्त्यावर खुशीत असतो. पिशवीचा भार डाव्या खांद्यावर बरोबर बसलेला असतो, पितळी पेट्यांची झाकणं एकामागून एक खटखट पडत जातात, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला पहिल्या मजल्यावरच कळतं. लोकांची सुखदुःखं मी वाहतो आणि त्यांतलं एकही माझं नसतं. तटस्थ राहायला ह्याहून चांगली नोकरी नाही. लहानपणी आई आणि मावशी भांडायच्या तेव्हा मी मधल्या खुर्चीवर बसून लापशी खात असे. दोघी माझ्याच वाटीत साखर घालत. पुढं लष्करी शिक्षणाचे चौऱ्याऐंशी दिवस झाले, त्यातही हवालदार म्हणाला होता, ‘‘नेस, तुझ्याइतका शांत नेमबाज मी पाहिला नाही. गोळी लागली काय, न लागली काय, तुला सारखंच.’’ आणि आज पिशवीत सगळ्यांत खाली, माझ्या कमरेला लागून, एक पत्र होतं जे मला आलेलं होतं आणि आलेलं नव्हतं. ते पेटीत पडलं की मी लढाईत. पिशवीत असेपर्यंत मी कालचा नॉर्वे. चालता चालता मला पुन्हा पुन्हा वाटलं, की आज बीट थोडं लांब असतं तर बरं झालं असतं.

घाबरत होतो ते लढाईला नव्हे. लढाई कशी असते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तिला घाबरायचं कुठून हेही कळत नव्हतं. घाबरत होतो आईला. आईला पत्र आवडत नाही. एकोणीसशे सतरात माझे वडील एका मालवाहू जहाजावर होते. तेव्हाही मोठी लढाई चालू होती आणि तेव्हाही आम्ही तटस्थ होतो. जहाजाच्या दोन्ही अंगांना एवढा मोठा झेंडा रंगवलेला होता. पाणबुडीवाल्यानं तो पाहिला की नाही, देव जाणे. कंपनीचं पत्र सकाळच्या बटवड्यात आलं, अकरा वाजता. आई चुलीपाशी उभी, पातेल्यात बटाटे नुकतेच टाकलेले. तिनं ते उभ्यानं उघडलं, उपाशीपोटी. मग तीन दिवस ती जेवली नाही, आणि मी सात महिन्यांचा असल्यामुळे मीही जेवलो नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, की उपाशीपोटी पत्र उघडायचं नाही. कुणाचंही असो, पाणीपट्टीचं असो, ते कॉफीच्या किटलीखाली ठेवायचं, आधी जेवायचं, आणि मगच हात लावायचा. ‘‘बातमी तीच राहते,’’ आई म्हणते, ‘‘पण पोटात काही असलं की ती खालपर्यंत जात नाही.’’ मी टपालखात्यात लागलो तेव्हा तिनं दोन दिवस माझी टोपी कपाटात बंद करून ठेवली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘बरं झालं. निदान कोण काय आणतोय ते कळेल.’’

विषम आकड्यांच्या बाजूची आठ राखाडी पत्रं होती. सात सुरळीत गेली. एक दंतवैद्य होता. त्यानं पत्र घेतलं, वाचलं, खुर्चीतल्या माणसाला म्हणाला ‘‘चूळ भरा,’’ आणि कोट घालून निघून गेला. आठवं ल्योकेनबाईंकडे होतं. ल्योकेनबाई दर मंगळवारी वॉफल करतात आणि एक माझ्यासाठी रुमालात बांधून ठेवतात. नवरा नाही, एक मुलगा, योस्टाइन, माझ्याच वयाचा. राखाडी पत्रं पेटीत न टाकता मी हातातच देत होतो, म्हणून घंटी वाजवली. बाई आल्या, रुमाल पुढे केला आणि मग त्यांना लिफाफा दिसला.

‘‘हे काय? पाण्याचं बिल?’’

‘‘नाही बाई. योस्टाइनचं आहे.’’

त्यांनी तो घेतला नाही. रुमाल तसाच हवेत. ‘‘परत पाठवता येतं ना रे पत्र?’’

‘‘येतं. पत्ता बदलला असं लिहून द्यावं लागतं.’’

‘‘कुठे बदललाय पत्ता? आत अंघोळ करतोय तो.’’

‘‘मग नाही येत.’’

वरून एक विमान गेलं. आम्ही दोघं ते जाईपर्यंत थांबलो, समोरून ट्राम चालली की थांबतो तसे. मग बाईंनी पत्र घेतलं, पुसून घेतल्यासारखं एप्रनवरून फिरवलं, आणि आत तोंड करून ओरडल्या, ‘‘योस्टाइन! कान धू नीट! मागून धू!’’ मला रुमाल देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुला आलं का रे?’’

‘‘अजून नाही,’’ मी म्हणालो. हे शब्दशः खरं होतं. पण जिना उतरताना वॉफल न खाता मी रुमाल तसाच खिशात ठेवला. मी कधी कुणाशी खोटं बोलत नाही आणि आज पहिल्यांदा कळलं, की खरं बोलूनही ते करता येतं.

सम आकड्यांच्या बाजूला जायचं तर रस्ता ओलांडायला हवा होता. रस्ता मोकळा नव्हता. कडेला दोन्हीकडे माणसं उभी, सतरा मेच्या, आमच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला असतात तितकीच, फक्त झेंडे नव्हते आणि कुणी खात नव्हतं. मधून जर्मन चालले होते. तीन-तीनच्या ओळी, हिरवट राखाडी, पुढे आमचेच दोन घोडेस्वार पोलीस त्यांना रस्ता करून देत होते. आम्ही नुसते पाहत होतो. माझ्या शेजारचा म्हातारा बायकोला हळूच म्हणाला, ‘‘पाऊल छान आहे गं ह्यांचं.’’ बायको म्हणाली, ‘‘गप बसा.’’ मी घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते आणि पिशवीत चार पत्रं होती. मी पुढे झालो. कडेला उभ्या पोलिसानं दंड धरला.

‘‘ए पोस्टमन, कुठे?’’

‘‘पलीकडे. बटवडा आहे.’’

‘‘दिसत नाही का काय चाललंय?’’

‘‘दिसतंय. कधी संपेल?’’

‘‘मला काय विचारतोस? ह्यांना विचार.’’

त्याला वाटलं मी विचारणार नाही. मीही विचारणार नव्हतो. पण दोन तुकड्यांच्या मध्ये चालणाऱ्या एका अधिकाऱ्याची नजर माझ्या टोपीकडे गेली. टोपीवर पितळी शिंग आहे, टपालाचं. तसंच त्यांच्याकडेही असावं. त्यानं माझी पिशवी पाहिली, चेहऱ्यावर काहीतरी शिस्तीचं समाधान आलं, आणि त्यानं हात वर केला. मागची तुकडी जागच्या जागी पाय आपटत थांबली. शंभर माणसं, आमचा देश घ्यायला आलेली, टपालाला वाट देत उभी राहिली. मी टोपीला हात लावला. सवय. मग रस्ता ओलांडू लागलो, आणि कधी नव्हे इतका तो रुंद झाला. चामड्याचा, घामाचा आणि स्वस्त साबणाचा वास. पहिल्या ओळीत एक पोरगेलासा शिपाई होता, नाकावर ऊन लागून साल निघालेली, नवे बूट टाचेला लागत असणार, कारण तो एकाच पायावर भार देऊन पाय आपटत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. रोज ह्या रस्त्यावर वीस घरांतून ती माझ्याकडे येते. आपलं काही आहे का, असं विचारणारी. त्याचं काही नव्हतं. होतं ते त्याच्याविरुद्ध होतं. मी त्याच्यापासून हातभर अंतरावरून ती चार पत्रं घेऊन गेलो, आणि मला त्याच्याबद्दल राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की ह्याच्या घरी कुणाला तरी कळायला हवं की बूट लागतायत. पलीकडच्या फरशीवर पाय ठेवला तसा मागे पुन्हा ठेका सुरू झाला. आता मी खऱ्या अर्थानं त्यांच्या मधून गेलो होतो, आणि मध्ये अशी जागा फार वेळ राहत नाही हेही मला दिसलं होतं. कुणीतरी हात वर केलेला असेपर्यंतच ती असते.

तीन पत्रं दिली. मग आमचं घर. खालच्या दारापाशी आठ पेट्या, तिसरी आमची. मी पिशवीत हात घातला. लिफाफा कमरेच्या उबेनं गरम झाला होता. पिशवीच्या तळाला बोट लावून पाहिलं, शिवण अजून पक्कीच. ब्लेड माझ्या खिशात असतं, सुतळी कापायला. एक टाका कापला असता तर चार महिने. चार महिन्यांत लढाया संपतात म्हणे. मी ब्लेड बाहेर काढलं नाही असं नाही. काढलं. पण डोळ्यांसमोर ल्योकेनबाई एप्रनवर पत्र फिरवताना आल्या, आणि बारापैकी अकरा दारांत मी काय म्हणालो होतो तेही आठवलं. शब्द वेगळे असतील, पण सगळ्यांना मी एकच सांगितलं होतं: ‘‘तुमचं आहे, घ्यावं लागेल.’’ मी ब्लेड खिशात टाकलं आणि पत्र पेटीत. झाकण नेहमीसारखंच पडलं. पेटीच्या जाळीतून माझं नाव दिसत होतं, पण ड्यूटी संपली नव्हती, म्हणून मी शाखेत परत गेलो.

ब्रेक्केसाहेब एकटेच होते. वहीत सही करायला त्यांनी पेन पुढे केलं.

‘‘पिशवी रिकामी?’’

‘‘रिकामी.’’

‘‘शिवण?’’

‘‘पक्की आहे साहेब.’’

ते बराच वेळ शाईच्या बाटलीचं बूच लावत राहिले. ‘‘मग घरी जा,’’ ते म्हणाले. ‘‘बघ काही आलंय का.’’ मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून आवाज आला, ‘‘आणि हालवर, बीट कुणाला द्यायचं ते मी बघतो. तू ते परत घेईपर्यंत दुसऱ्याचं नाव कच्चंच लिहितो. पेन्सिलीनं.’’ त्या वहीत पेन्सिल चालत नाही. नियम आहे.

पेटीतून पत्र काढून मी वर गेलो, तर मी हात पुढे करायच्या आधीच आईनं हात पुढे केला. लिफाफ्याकडे न पाहता तो कॉफीच्या किटलीखाली ठेवला. ‘‘हात धू. बस.’’ टेबलावर माशाचे गोळे होते, पांढऱ्या रश्शात, आणि उकडलेले बटाटे. घर वाफेनं भरलं होतं. मी खात गेलो. ती समोर बसून बटाटे सोलून माझ्या ताटात टाकत गेली, गरम बटाटा हातातल्या हातात उडवत, फुंकर मारत. चौथा बटाटा संपला. पाचवा आला.

‘‘पुरे गं.’’

‘‘तुझ्या वडिलांना सात लागायचे.’’

‘‘मला चार पुरतात.’’

‘‘आज सात खा.’’

मी सात खाल्ले. जन्मात इतकं छान जेवलो नव्हतो. खिडकीबाहेर त्या बुटांचा आवाज केव्हाच थांबला होता. मला कळत होतं, की जोवर ताटात काही आहे तोवर किटलीखालचं पत्र नुसता कागद आहे, आणि तिलाही ते कळत होतं. सातवा बटाटा तिनं सगळ्यांत सावकाश सोलला. मग ताट उचललं, किटली उचलली, मला कॉफी ओतली आणि म्हणाली, ‘‘आता बघ.’’

गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी नऊ वाजता, जंगलापलीकडच्या ठाण्यावर हजर व्हावं. एक दिवसाचा डबा सोबत आणावा. आज नऊ तारीख होती. वेळापत्रकावरून पाहता शत्रू दोन दिवस आधी आला होता. मी हे आईला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ती हसली. खरंच हसली, एप्रन तोंडाला लावून. मग कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे माझी पाठपिशवी भरलेली होती आणि भिंतीला स्की टेकवलेल्या, ताजं मेण लावलेल्या.

‘‘हे कधी केलंस?’’

‘‘सकाळी. विमानं बघितली तेव्हा.’’

‘‘तेव्हा तर पत्रही आलं नव्हतं.’’

‘‘पत्र यायची वाट बघत बसले असते तर मेण वाळलं असतं का? जा आता. रस्त्यांवर ते आहेत, जंगलातून जा, उजेड आहे तोवर. टोपी कानांवर ओढ.’’

टेकडीवर जाणाऱ्या ट्राममध्ये माझ्यासारखे पंचवीसएक जण होते. सगळ्यांजवळ स्की, सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या, मंगळवारी संध्याकाळी. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. कंडक्टर आत आला, स्कींच्या त्या जंगलाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘काय मंडळी, ईस्टर होऊन पंधरा दिवस झाले की.’’ मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘वर बर्फ चांगला आहे म्हणे.’’ ‘‘असेल,’’ कंडक्टर म्हणाला आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. दंतवैद्य खिडकीपाशी होता. माझ्यासमोर योस्टाइन ल्योकेन बसला होता, केस अजून ओले, कान मागूनसुद्धा स्वच्छ.

‘‘तुलाही आलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘हो. जेवणानंतर आलं.’’

शहर खाली जाऊ लागलं. फ्योर्डच्या पाण्यावर ऊन तिरकं पडलं होतं. पोट भरलेलं होतं. आईनं पाठपिशवीच्या वरच्या खणात ठेवलेला वॉफलचा रुमाल काढायला मी हात घातला तर त्याच्याशेजारी एक लिफाफा होता, तिकीट लावलेला. आत कोरा कागद आणि वर बारीक अक्षरात एक ओळ: काहीही लिही, फक्त दुपारच्या बटवड्यात येईल असं टाक. लिफाफ्यावर आईचा पत्ता होता आणि तो आईनंच लिहिला होता, तिच्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात. मला आधी वाटलं, मी पत्ता विसरेन अशी तिला भीती आहे. मी त्या रस्त्याचा पोस्टमन आहे, आणि मला हसू आलं. ट्रामनं एक वळण घेतलं, मग दुसरं. तेव्हा कुठे लक्षात आलं, की पेटीच्या जाळीतून पाहताना तिला कागद दिसणार नाही, अक्षर दिसेल. स्वतःचं अक्षर दिसलं की ते कंपनीचं नाही, सरकारचं नाही, हे तिला खालीच, पेटीपाशीच कळेल, आणि मग जेवण व्हायची वाट पाहावी लागणार नाही.